धवल्याची दुसरी ओळ

हळदीच्या दिवशी दुपारी प्रितेशने एक लहानसा लोखंडी खोका आणून आजीच्या पलंगावर ठेवला, तेव्हा जानकीबाई नुसत्या बसल्या होत्या. घरात लग्न असताना जानकीबाई नुसत्या बसून आहेत, असे दृश्य पूर्णा गावात यापूर्वी कोणी पाहिले नव्हते.

जुन्या आगरी घरांत भटजीला एक वेळ उशीर झालेला चालतो; धवलारीण मात्र वेळेवर लागते. मांडव घालण्यापासून पुढे प्रत्येक विधीला तिने धवला, म्हणजे त्या विधीचे गाणे, म्हणायचा, आणि तो तिच्या तोंडून निघाल्याशिवाय हळदीचे बोट नवरीच्या गालाला लागायचे नाही. हा मान जानकीबाई सून म्हणून या गावात आल्या तेव्हापासून सांभाळीत होत्या. पूर्णा, कोपर, काल्हेर, कशेळी या पट्ट्यातल्या निम्म्या संसारांना त्यांच्या गळ्याने सुरुवात करून दिली होती. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्यांनी कधी झाकून ठेवला नव्हता.

आज त्यांच्या स्वतःच्या नातीची, विनिताची, हळद होती. तिचा धवला कोणी म्हणायचा, हे घरात कोणी उघड विचारले नव्हते. पण त्या कुठल्याही खोलीत शिरल्या की चाललेले बोलणे थांबे, आणि त्या थांबण्यातून जानकीबाईंना तो प्रश्न स्पष्ट ऐकू येई.

कारण मागच्या महिन्यात शेजारच्या गावी एका हळदीला त्यांची ओळ मध्येच तुटली होती. श्वास पुरला नाही. खोकल्याची उबळ आली आणि सगळा मांडव त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. धवल्याची ओळ तुटू द्यायची नाही, असे त्यांच्या सासूने शिकवायला घेतल्याच्या पहिल्याच दिवशी बजावले होते. तुटलेली ओळ नवरीच्या पदरात पडते, असे ती म्हणे. त्या दिवशी जानकीबाईंना कोणी एक शब्द बोलले नाही. नवरीच्या आईने डोळ्यांना पदर लावला, एवढेच. पण तेव्हापासून त्यांच्या अंगातले काहीतरी जे बसले होते, ते उठायला तयार नव्हते.

"ह्ये काय?" त्यांनी खोक्याकडे न बघताच विचारले.

"सिलेक्टर हाय, आजे. बाबांनी सांगितलंय."

बाबा, म्हणजे जानकीबाईंचा मुलगा रामनाथ, दाराशीच उभा होता. जमिनी गोदामांना दिल्यापासून त्याच्या अंगावर पांढरे कडक कपडे आणि बोलण्यात व्यवहार आला होता. आईच्या खोलीच्या दारात मात्र तो अजूनही पाय पुसून उभा राही.

प्रितेशने खोका उलटा करून दाखवला. स्पीकर भाड्याने देण्याचा धंदा त्याचा स्वतःचा. पण बहिणीच्या हळदीला भावाने पाव्हण्यांत उभे राहायचे म्हणून रामनाथने कल्याणहून मिथुन नावाचा डीजेवाला बोलावला होता. मिथुनने आपल्या मिक्सरवर धवल्यासाठी एकाच वायरीची जागा मोकळी ठेवली होती. बाकी सगळी नाचगाण्याच्या सामानाने भरली होती, आणि आपल्या मिक्सरला तो दुसऱ्याचा हात लागू देत नव्हता.

"म्हनून हा खोका," प्रितेश म्हणाला. "मागून दोन वायरी आत येतात, एकच बाहेर जाते. एक नंबरला तुजा माईक. दोन नंबरला माजा लॅपटॉप. बटन जिकडं फिरवशील तेवढंच स्पीकरला जानार. दोन्ही एकदम न्हाय."

"लाईट कुठं लावायची याला?"

"लावायचीच न्हाय. पॅसिव्ह असतो हा. आत नुसता रस्ता हाय. आवाज वाढवत न्हाय, घटवत न्हाय, मदी स्वतःचं काय घालत न्हाय."

"मंग तुज्या आयशीपेक्षा बरा," जानकीबाई म्हणाल्या.

आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज क्षणभर थांबला, आणि मग पूर्वीपेक्षा मोठा झाला. रामनाथ खाली बघू लागला. प्रितेशला हसू आले. ते त्याने दाबले नाही, कारण आजी आज सकाळपासून पहिल्यांदा स्वतःसारखी बोलली होती.

"आनि त्या लॅपटॉपमदी काय हाय?"

प्रितेशने बापाकडे पाहिले. बाहेर गोदामांकडे वळणाऱ्या ट्रकांची रांग लागली होती, आणि त्यांच्या इंजिनांची घरघर भिंतीतून आत येत होती.

"आये, तुजंच हाय," रामनाथ शेवटी म्हणाला. "तुजाच आवाज. आळीतल्या प्रियंकाच्या हळदीला प्रितेशनं भरून ठेवला होता ना, तो. एकदम स्वच्छ हाय. तू मांडवात बसायचं, माईक हातात धरायचा, नुसते ओठ हलवायचे. नवऱ्याकडची मोठी मानसं येनार आज. नावांच्या ओळी तेवढ्या तू म्हन. तिथं प्रितेश बटन फिरवंल. कोनाला काय समजनार न्हाय."

जानकीबाईंनी मुलाकडे पाहिले. रागावण्यासाठी जेवढे बळ लागते, तेवढे त्यांनी आत शोधून बघितले. ते सापडले नाही. त्याहून वाईट म्हणजे, त्याचे बोलणे ऐकताना त्यांना पाठीवरचे ओझे सुटल्यासारखे वाटले होते.

"म्हंजी मी जित्ती असताना माजा फोटो लावनार," त्या म्हणाल्या.

"आये, असं काय बोलतेस."

"हार पन घाल. हारवाल्या मनोजच्या दुकानात चांगले मिळतात."

मग त्या प्रितेशला म्हणाल्या, "लाव. ऐकव मना."

प्रितेशने लॅपटॉप उघडून पलंगावर ठेवला.

आपला तेव्हाचा आवाज ऐकून आपल्याला काय वाटेल, याची जानकीबाईंना मनातून धास्ती होती. प्रत्यक्षात त्यांना काहीच वाटले नाही. ओळखीच्या बाईची खबर ऐकावी, तशी त्यांनी स्वतःची पहिली ओळ ऐकली. भक्कम होती. घाईची होती. मग ती ओळ संपली, आणि दुसरी ओळ बकुळाने घेतली.

धवला एकटीचा नसतो. एकीने ओळ टाकायची आणि जोडीदारणीने ती उचलायची. एक म्हणत असेल तेव्हा दुसरीने श्वास घ्यायचा, मांडव बघायचा, नवरीचा पदर सारखा करायचा. जानकीबाईंची जोडीदारीण बकुळा त्याच आळीतली, दोन घरे पलीकडची. दोघी उभ्या आयुष्यात साध्या बोलण्यावरून अनेकदा भांडल्या. धवल्यात कधी अडल्या नाहीत. बकुळा श्रावणात गेली. प्रियंका ही तिचीच नात. तिच्या हळदीला बकुळाने जो आवाज लावला होता, तसा पुन्हा कोणाच्याच लग्नात लावला नाही, आणि तोच आता लॅपटॉपच्या चिमुकल्या छिद्रांतून पलंगावर सांडत होता.

जानकीबाई हलल्या नाहीत. ओळी पुढे गेल्या. आपली, तिची, आपली, तिची. बकुळाच्या ओळीला त्यांचे स्वतःचे खांदे खाली येत होते, आणि छाती भरत होती. तिसऱ्या वेळेला ते त्यांच्या ध्यानात आले.

श्रावणापासून त्या एकट्या जात होत्या. आपली ओळ म्हणायची आणि लगेच बकुळाचीही आपणच म्हणायची. मधे श्वास घ्यायला जागाच नव्हती. बकुळाच्या बाराव्यानंतर त्यांनी एकदा प्रियंकाला विचारले होते, बस माझ्या शेजारी म्हणून. प्रियंका नारपोलीला दिलेली. इथेच पूर्ण्याच्या एका गोदामात पार्सलांच्या कामावर असते. ती म्हणाली होती, आजे, माजी शिफ्ट असते, मना न्हाय जमायचं. जानकीबाईंनी पुन्हा विचारले नाही. दुसऱ्यांदा विचारणे त्यांना ठाऊक नव्हते.

"बंद कर," त्या म्हणाल्या. "माजं सगळं काढून टाक. बकुळाचं तेवढं ठेव."

"म्हंजी?"

"मी माजी ओळ म्हनेन. तिची ती म्हनंल. बटन माज्या हाताशी ठेवायचं."

प्रितेश विचारात पडला. धंद्यातला असल्यामुळे त्याला आधी अडचणी दिसत. "आजे, रेकॉर्डिंग तुज्यासाठी थांबनार न्हाय. तवा तू केवढी जोरात जायचीस, ऐकलंस ना. आता तुना तिच्यामागं धावावं लागंल."

"मी कोनामागं धावत न्हाय."

"मंग मी तिची एकेक ओळ सुटी कापतो. तू बटन दोनवर केलंस की मी ती ओळ सोडनार. संपली की तू परत एकवर ये. चालंल?" आणि मग त्याच्या लक्षात आले. "पन नावांच्या ओळी... तिथं तिनं प्रियंकाचं नाव घेतलंय. तिच्या बापाचं, अनंताकाकाचं घेतलंय. तिथं दोन्ही ओळी तुनाच म्हनाव्या लागतील. तिथं बटनाला हात लावू नकोस."

"मना शिकवू नको," जानकीबाई म्हणाल्या. पण ते त्यांनी मऊ आवाजात म्हटले.

रामनाथला हे पसंत पडले नव्हते. सरळ सोपा रस्ता सोडून आई पुन्हा गळ्यावर आली, असे त्याच्या चेहऱ्यावर लिहिले होते. "आये, ओळ तुटली तर? आपल्याच पोरीच्या हळदीला?"

"तुटली तर बटन फिरवीन. तुजं पुरं रेकॉर्डिंग लॅपटॉपमदी हायच की."

हे उत्तर देताना त्यांच्या आवाजात जो थकवा उतरला, तो रामनाथने ऐकला, आणि तो खुर्च्या बघायला बाहेर गेला.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर त्या मांडवात गेल्या. मांडव बंगल्यामागच्या मोकळ्या जमिनीवर घातला होता. तिच्या दोन बाजूंना गोदामांचे निळे पत्रे आणि तिसऱ्या बाजूला जनरेटर. मिथुनचे टेबल पार दुसऱ्या टोकाला, लायटिंगच्या खांबांपलीकडे. तिथपासून जानकीबाईंच्या पाटापर्यंत काळी वायर जनरेटरच्या शेजारून आली होती.

"याच्यातून घरघर न्हाय येनार?" त्यांनी विचारले. पूर्वी अशा मांडवांत स्पीकरमधून त्यांच्या आवाजाआधी जनरेटर बोलत असे.

"बॅलन्स वायर हाय, आजे. आत दोन तारा असतात. आवाज एकीतून सरळ जातो, दुसरीतून उलटा. बाहेरची घरघर दोघींवर सारखीच पडते. पलीकडं गेलं की उलटा सरळ करायचा. आवाज जुळतो, घरघर एकमेकीला मारते."

"आनि एकच तार असली?"

"मंग सगळं येतं. आवाज पन आनि घरघर पन."

जानकीबाईंनी पाटावर बसून खोका गुडघ्याजवळ ओढून घेतला आणि बटण दोन-तीनदा फिरवून बघितले. टक्, टक्. जुन्या दाराच्या कडीसारखे ते हाताला बरे लागत होते.

"ओळीच्या मदी फिरवलंस तर स्पीकरला फट्ट वाजंल," प्रितेश म्हणाला. "श्वासात फिरव."

"आनि तिची ओळ चालू असताना मना खोकला आला तर?"

"बिनधास्त खोक. दोनवर असलीस की तुजा माईक बंद. पानी पी, शिव्या दे, कोनाला ऐकायला जानार न्हाय."

मग त्याने दोन्ही आवाज लावून बघितले. खोका कोणालाच वर उचलणार नव्हता, त्यामुळे दोन्हीकडून आवाज सारख्या उंचीने आत यायला हवा होता; आणि बकुळा फार उंच येत होती. प्रितेश माईक आणि खोक्याच्या मधल्या मशीनचे बटण वाढवू लागला.

"मना नको चढवू. तिना खाली घे," जानकीबाई म्हणाल्या. त्याने घेतले. बकुळाचा आवाज खाली आला, लहान झाला, दुसऱ्याच कोणाचा तरी वाटू लागला. जानकीबाई थोडा वेळ ऐकत राहिल्या.

"ऱ्हाऊ दे. तिना होती तशी ठेव. मनाच चढव."

एवढ्यात प्रियंका आली. तिच्या कडेवर मुलगी होती, आणि गोदामाचे ओळखपत्र अजून गळ्यातच होते. ड्युटीवरून थेट आली असावी. मांडवाच्या कनातीपाशी ती थांबली. बकुळाचा, आपल्या आजीचा, आवाज तिने ऐकला होता.

"प्रितेशदादा, तुज्याकडं हाय हे?" तिने विचारले. "मना कधी सांगितलं न्हायस."

"तुज्याच हळदीचं हाय," प्रितेश ओशाळून म्हणाला. "कधी मागितलं न्हायस तू."

प्रियंकाने मान हलवली. जानकीबाईंच्या पाया पडली, आणि बायकांमध्ये जाऊन अगदी मागे बसली. जानकीबाईंनी तिला पुढे बोलावले नाही. पण ती कुठे बसली, ते त्यांनी बघून ठेवले.

दिवे लागले. नवऱ्याकडची मंडळी आली, खुर्च्या भरल्या, विनिताला पाटावर बसवले. हळदीची वाटी पुढे आली. मिथुनने पलीकडून हात वर केला. जानकीबाईंनी बटण एकवर असल्याची बोटाने खात्री करून घेतली आणि पहिली ओळ टाकली.

ती पूर्ण गेली. शेवटी थोडी कातरली, पण गेली. श्वासात टक् झाले, आणि बकुळाने ओळ उचलली.

तो आवाज तिथल्या प्रत्येक मोठ्या बाईच्या ओळखीचा होता. त्यांतल्या बऱ्याच जणींना त्याच आवाजाने हळद लागली होती. कोणी डोक्यावरचा पदर सारखा केला. कोणी शेजारणीचा हात धरला. जानकीबाईंनी तेवढ्यात खोकून घेतले, पाण्याचा घोट घेतला, आणि छाती भरली. टक्. आपली ओळ. टक्. तिची.

पाचसहा ओळी अशा गेल्या. विनिता मान खाली घालून बसली होती. तिचे खांदे सैल झालेले जानकीबाईंना दिसले, तेव्हा पोर सकाळपासून याच धास्तीत होती हे त्यांना कळले. खांबाला टेकून उभ्या असलेल्या रामनाथने घाम पुसला. आणि जानकीबाईंना श्रावणानंतर प्रथमच असे वाटू लागले की आपण कोणाशी तरी बोलत आहोत.

तिथेच घात झाला.

नावांची ओळ आली. ती प्रश्नाची असते. पहिलीने विचारायचे, दुसरीने नाव सांगायचे.

"मांडवाच्या मदी हलद कोनाची गं बाय?"

जानकीबाईंनी प्रश्न टाकला, आणि आयुष्यभराच्या सवयीने उत्तरासाठी जोडीदारणीकडे वळल्या. बोटांनी बटण फिरवले. चार पावलांवर लॅपटॉप घेऊन बसलेला प्रितेशही तोवर लयीत शिरला होता. टक् ऐकले की ओळ सोडायची, एवढेच त्याच्या हाताला कळत होते. बकुळाने भरल्या गळ्याने, साऱ्या मांडवाला सांगितले:

"हलद प्रियंकाबायची, अनंताच्या लेकीची."

हळदीची वाटी धरलेला हात हवेतच राहिला. मागे कोणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले. नवऱ्याच्या आत्येने शेजारणीला विचारले, "नवरी कोन म्हनायची हो?" ते हळू विचारलेले होते, पण त्या शांततेत सगळ्यांनी ऐकले. विनिताने मान वर करून आजीकडे पाहिले. रामनाथ खांबापासून सुटला होता, पण कुठे जावे हे त्याला समजत नव्हते. प्रितेशने दोन्ही हात लॅपटॉपवरून उचलून वर धरले होते.

जानकीबाईंना खोकला येत होता. तो त्यांनी येऊ दिला. बटण दोनवरच होते. कोणाला ऐकू गेला नाही.

आपणच उत्तर म्हणून टाकावे, हा एक मार्ग होता. पण बकुळाने नाव घेतले होते, आणि ते मांडवभर घुमले होते. एका दमलेल्या गळ्याने त्यावर दुसरे नाव घालणे म्हणजे चुकलेल्या टाक्यावर ठिगळ. आणि एवढा श्वासही नव्हता. त्यांनी मागच्या बायकांमध्ये पाहिले. प्रियंकाने तोंडावर हात धरला होता, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होते.

जानकीबाईंनी नुसते बोट वाकवले. प्रियंका मुलीला शेजारणीच्या मांडीवर देऊन उठली, बायकांमधून वाट काढत आली आणि जानकीबाईंच्या पाटाशी गुडघ्यांवर बसली.

"तुज्या आजीनं तुजं नाव घेतलं," जानकीबाई तिला म्हणाल्या. "ते तुज्याशिवाय कोन फिरवनार? मी विचारते, तू विनिताचं नाव सांग."

"आजे, माईक..." प्रियंका घाबरून कुजबुजली.

"बंद हाय. बोल."

"मना पाठ न्हाय."

"खोटं बोलतेस. तिच्या मांडीवर झोपायचीस, ते काय ऐकत झोपायचीस?"

"माजा आवाज फाटंल, आजे. इतकी मानसं हायत."

"माजा फाटलेलाच हाय."

प्रियंकाने मान खाली घातली. मांडव वाट बघत होता. जनरेटर चालू होता, पण स्पीकरमधून काहीही येत नव्हते. इतका निर्मळ अबोला जानकीबाईंनी कोणत्याही लग्नात ऐकला नव्हता. त्यांना फार थकल्यासारखे वाटले. या थकव्याला मागे टाकून आजवर त्या कितीतरी मांडवांत उभ्या राहिल्या होत्या. आज तो पुढे येऊन बसला होता, आणि त्याला उठ म्हणण्याचा अधिकार आपला राहिलेला नाही, हे त्यांना कळत होते.

"मी दुसऱ्यांदा कोनाला विचारत न्हाय," त्या म्हणाल्या. "तुना विचारते."

प्रियंकाने वर पाहिले. मग तिने गळ्यातले ओळखपत्र काढून कमरेला खोचले.

जानकीबाईंनी बटण एकवर आणले आणि प्रश्न पुन्हा टाकला. सावकाश टाकला, पोरीला सूर धरता यावा म्हणून. मग त्यांनी माईक तिच्या तोंडाशी धरला.

"हलद..." प्रियंकाचा सूर वर गेला, तिथून घसरला, आणि सापडला. "हलद विनिताबायची, रामनाथाच्या लेकीची."

चांगली नव्हती. शेवटचा शब्द तिने गिळला, आणि बकुळा जिथे वळण घेत असे तिथे ती सरळ गेली. पण ओळ पुरी झाली. विनिताच्या गालाला हळद लागली आणि बायकांमध्ये श्वास सुटल्याचा आवाज झाला. नवऱ्याची आत्ये शेजारणीला म्हणाली, "ही म्हनायची नवरी. बरं झालं सांगितलं."

पुढे आणखी नावे होती. नवरीची आई, नवरीची आजी, नवऱ्याचे गाव, नवऱ्याचा बाप. जानकीबाई विचारत गेल्या आणि प्रियंका सांगत गेली. दोनदा चुकली, दोन्ही वेळा जानकीबाईंनी तिच्या गुडघ्यावर बोटाने मारले आणि ती सरळ झाली. नवरीच्या आजीचे नाव आले, तेव्हा प्रियंकाने ते इतक्या मोठ्याने घेतले, की जानकीबाईंनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिले.

नावे संपली. इथून पुन्हा साध्या ओळी होत्या. बकुळाला बोलावता आले असते. पलीकडून प्रितेशने हात उंच करून खूण केली, तयार आहे म्हणून. जानकीबाईंचे बोट बटणावर होते. त्यांनी आपली ओळ म्हटली आणि बोट उचलून माईक प्रियंकाकडे सरकवला.

प्रियंकाची ओळ चालू असताना त्यांनी माईकपासून तोंड फिरवून खोकून घेतले. मग पाणी प्यायल्या. मग काहीच करायचे उरले नाही, म्हणून त्या नातीकडे बघत बसल्या. विनिताचा एक केस हळदीत चिकटला होता. तो त्यांनी बोटाने बाजूला केला. ओळ अजून चालूच होती. छाती पुरती भरली, आणि तरी थोडा वेळ शिल्लक राहिला.

धवला संपला तेव्हा मिथुनने इतक्या तत्परतेने नाचाचे गाणे लावले, की कोणाला रडायला सवड मिळाली नाही. मांडव उठला. प्रितेश वायर गुंडाळत आजीपाशी आला.

"आजे, चूक माजी पन हाय. मी सोडायलाच नको होती ती ओळ."

"हाय," जानकीबाई म्हणाल्या. "आता मना उठव."

त्याने त्यांना हात देऊन उठवले. त्यांचे पाय भरून आले होते, आणि अंगाचा एकेक सांधा बोलत होता.

"दोन नंबरला होतं त्याचं काय करू? ठेवू का?"

"प्रियंकाच्या फोनवर घाल. बकुळाची वळणं पाठ होऊ देत. ही सगळी सरळ घेते."

प्रियंका मुलीला पुन्हा कडेवर घेत होती. तिने ते ऐकले. "आजे, उद्या माजी सेकंड शिफ्ट हाय, दुपारची," ती म्हणाली.

"लग्न सकाळी हाय," जानकीबाई म्हणाल्या, आणि प्रितेशच्या खांद्यावर हात ठेवून घराकडे वळल्या.